काकूंचं सामान: सदाशिव पेठेतल्या फ्लॅटमधून एका खोलीत (प्रकल्प नोंदी)

काम: दुसऱ्या मजल्यावरचा, लिफ्ट नसलेला दोन बेडरूमचा फ्लॅट सोडून काकू (वय ८१) शहराबाहेरच्या एका असिस्टेड लिव्हिंग निवासात (रोजच्या कामांना मावशी आणि औषधांना नर्स असलेल्या) राहायला जात आहेत. मधुमेह, थायरॉइड, रक्तदाब. वॉकरवर चालतात, डाव्या कानाला यंत्र, वर-खाली पूर्ण कवळी. कालचं विसरतात, चाळीस वर्षांपूर्वीचं विसरत नाहीत. आमचं काम एवढंच: नेण्याचं सामान ठरवणं, बांधणं आणि तिकडची खोली लावणं. घर रिकामं करणं या कामात धरलेलं नाही, मुद्दामच.

२५ ऑक्टोबर २०२५, शनिवार

भाऊबीज होऊन माणसं पांगली, आज खोली मोजली. माहितीपत्रकातला नकाशा कामाचा नसतो. कपाटाचं दार उघडायला किती जागा खातं, खाट भिंतीपासून किती सुटी ठेवावी लागते, हे त्यात कुठेच दिसत नाही. टेपने आतून ११ फूट २ इंच गुणिले १२ फूट ६ इंच. खोलीच्या दाराची मोकळी रुंदी ३४ इंच, बाथरूमच्या दाराची २९. काकूंचा वॉकर २४ इंची, तो सहज जातो. पुढेमागे व्हीलचेअर आली तर दारातून जाईल, पण ती फिरवायला ५ फूट व्यासाची मोकळी जागा लागते. खोलीत ती ठेवता येईल, बाथरूममध्ये नाही. हे काकूंच्या मुलाला आजच सांगून ठेवलं.

चौकटीच्या वहीत एक फुटाला दोन चौकटी असं प्रमाण धरून खोली काढली आणि सामानाचे पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्यावर सरकवून पाहिले. निकाल: हातांची लाकडी खुर्ची, एक छोटं टेबल, देव्हाऱ्यासाठी फळी. रिक्लायनर बाद, कारण तो मागे झुकायला आणखी फूटभर जागा मागतो आणि नेमका बाथरूमच्या वाटेत येतो. सागवानी पलंग अर्थातच नाही. निवासाची खाट ३ फूट गुणिले साडेसहा फूट, डोक्याकडची बाजू उचलता येणारी.

सॉकेट तीन. त्यातलं मोठं एसीने घेतलेलं, एक खाटेमागे, एक दाराशी. खाटेमागच्यावर फोन आणि रात्रीचा दिवा. एक्स्टेंशनची वायर जमिनीवरून नेणं बंद; वॉकरचा पाय त्यात अडकतो.

कपाट ३ फुटी, दोन दारांचं. अर्ध्यात टांगायचा दांडा, अर्ध्यात तीन खण. घडीच्या सुती साड्या एका खणात बारा बसतात, पण वरची काढली की खालची चळत ढासळते, म्हणून आठच धरायच्या. कपड्यांचा आकडा इथूनच ठरतो. काकूंच्या घरच्या तीन कपाटांत काय आहे याचा त्याच्याशी संबंध नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार

कपाटं उघडली नाहीत. कपाट उघडलं की "हे ठेवू की टाकू" हाच प्रश्न पुढे येतो आणि माणूस पहिल्याच खणात अडून बसतं. वही घेऊन काकूंसमोर बसलो आणि पहाटे साडेपाच ते रात्री दहा, कोणत्या वेळी हात कशाला लागतो ते लिहीत गेलो. उशाशी पाण्याचं भांडं, चष्मा, कवळीचा डबा. चहा कपबशीतच, बशीत ओतून. आंघोळीला शॉवर नको, बादली आणि तांब्या. पेपर वाचायला भिंग. दुपारी आडवं पडताना पायावर गोधडी, बाराही महिने. चारच्या चहानंतर रेडिओ. दिवेलागणीला स्मरणी. झोपताना तळपायाला खोबरेल.

एकूण ११७ वस्तू निघाल्या. पहिल्या बैठकीत ९० आल्या, उरलेल्या घरात काकूंच्या मागे दीड तास नुसतं फिरल्यावर सापडल्या. सवयीच्या वस्तू माणसाला सांगता येत नाहीत, त्या बघाव्या लागतात. उदाहरण: बाथरूमच्या खिळ्याला टांगलेला जुन्या साडीचा तुकडा. काकू तो ओल्या हाताखाली धरून वॉकरची मूठ पकडतात. यादीत तो आलाच नव्हता. वॉकरच्या मुठींवरचं रबर गुळगुळीत झालंय हेही त्यावरूनच कळलं. मुठी बदलल्या, खालचे चारही रबरी बूट बदलले.

टिकल्या दोनच रंगांच्या आणल्या. हिरवी म्हणजे जाणार, पिवळी म्हणजे काकूंनी स्वतः कुणाला द्यायचं ठरवलेलं. लाल टिकली आणलीच नाही. बाकी सगळं ९० दिवस जागच्या जागी राहणार, एक डबाही भंगारात जाणार नाही. कारण साधं आहे. निवासात पहिला महिना दोन्ही बाजूंनी चाचपणीचाच असतो आणि तिथे करमलं नाही तर परत यायला घर हवं. शिवाय पहिल्या दोन महिन्यांत जे मागितलं जातं ते हमखास न नेलेल्यातलं असतं. बांधाबांध आणि घर आवरणं एकाच पंधरवड्यात उरकायला जाणं ही या कामातली सगळ्यात महागडी घाई.

३० ऑक्टोबर, गुरुवार. औषधं

घरातली सगळी औषधं एका टेबलावर आणली: फ्रिजचं दार, देवघराचा खण, पर्स, उशीखाली, स्वयंपाकघरातला डबा. २३ प्रकार. त्यात रक्तदाबाचं एकच औषध दोन कंपन्यांच्या दोन नावांनी. दोन डॉक्टरांनी वेगवेगळ्या वेळी लिहिलेलं. म्हणून यादी करताना पाकिटावरचं मोठं नाव न घेता खालचं बारीक अक्षरातलं घटकाचं नाव घ्यायचं. नऊ स्ट्रिप्स मुदत संपलेल्या, चारांवर मुदतीचा भागच कापलेला. या तेरा स्ट्रिप्स बाजूला काढल्या. औषधांची यादी घेऊन फॅमिली डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी ती ११ वर आणली आणि सही-शिक्क्यासह नवं प्रिस्क्रिप्शन दिलं. जुन्या पाच चिठ्ठ्यांपेक्षा हा एक कागद निवासाच्या नर्सला हवा असतो.

तक्त्यात रकाने: घटक, मात्रा, वेळ, जेवणाआधी की नंतर, कशासाठी. शेवटचा रकाना लोक गाळतात. पण रात्रपाळीच्या नर्सला गोळी कशाची आहे हे कळलं तरच ती चुकल्यावर काय करायचं ते तिला ठरवता येतं.

थायरॉइडच्या गोळीला लाल चौकट केली. ती उपाशीपोटी, पाण्याबरोबर, चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून किमान चार तास लांब ठेवायची. निवासांमध्ये गोळ्यांची फेरी नाश्त्याबरोबर असते, त्यामुळे ही चूक जवळजवळ ठरलेलीच.

गोळ्या आठवड्याच्या कप्प्याकप्प्यांच्या डबीत भरून पाठवू नयेत. सुट्टी गोळी ओळखता येत नाही, नर्स ती घेत नाही आणि ते बरोबरच आहे. मूळ स्ट्रिपमध्ये, ३० दिवसांची, प्रत्येक औषध वेगळ्या झिपच्या पिशवीत. इन्सुलिनचं न उघडलेलं पेन २ ते ८ अंशांत ठेवायचं. चालू पेन खोलीत चालतं (३० अंशांच्या खाली). काकूंचं ग्लार्जिन आहे, ते उघडल्यापासून २८ दिवस. उघडल्याची तारीख पेनावर चिकटपट्टी लावून लिहिली. नेताना थंड पिशवीत बर्फाचा गोळा आणि पेन यांच्यामध्ये टॉवेल, कारण गोठलेलं इन्सुलिन दिसायला तसंच दिसतं, पण वाया गेलेलं असतं.

त्रिफळा चूर्ण, हिंगाष्टक आणि एक घरगुती काढाही यादीत लिहिला. "ते औषध थोडंच आहे" हे वाक्य ऐकलं की ते आधी लिहावं.

३ नोव्हेंबर, सोमवार. कपडे

निवासाची धुलाई आठवड्यातून दोनदा, कपडा परत यायला तीन दिवस. त्यावरून हिशेब: दिवसाचे सुती गाऊन ८, रात्रीचे ५, सुती साड्या ६, परकर ७, ब्लाउज ८, आतले कपडे १० जोड, मोजे ६ जोड, स्वेटर २, शाल १, कानटोपी २, टॉवेल ४, पंचे ३. पुण्यात नोव्हेंबरअखेर पहाटे चांगलं गारठतं आणि निवास शहराबाहेर मोकळ्यावर आहे, म्हणून स्वेटर पुढचा उघडणारा घेतला. डोक्यातून घालायचा स्वेटर घालताना दोन्ही हात वर जातात, वॉकर सुटतो आणि यंत्र कानातून निघतं.

साडीबद्दल ठाम मत: ज्यांना रोज साडी लागते त्यांच्या साड्या काढून घेऊ नयेत. पण वॉकरच्या पुढच्या पायाखाली निऱ्या येतात, तेव्हा साडी घोट्याच्या दोन बोटं वर नेसवायची आणि हे नेसवणाऱ्या मावशींना दाखवून द्यायचं. काकूंनी स्वतःच ठरवलं की सकाळी गाऊन, चारच्या चहाला साडी.

मशीनच्या धुलाईत हमखास हरवते ती परकराची नाडी. ती निघते, मशीनमध्ये गुंडाळते आणि परकर बिननाडीचा परत येतो. ओवायला तिथे कुणाला वेळ नसतो. उपाय: नाडी नेफ्याच्या बरोबर मध्यावर, पाठीमागे, चार टाके घालून टाचून टाकायची. दोन्ही टोकं सुटी राहतात, पण नाडी निघत नाही. सातही परकरांना केलं. ब्लाउजचे हूक बोटांना लागत नाहीत म्हणून चारांना वेलक्रो लावला. तो धुताना बंद करून द्यावा लागतो, नाहीतर गाऊनचे धागे ओढतो.

पैठणी आणि जरीची इरकल जाणार नाही. एका गरम धुलाईत जरीकाठ काळे पडतात आणि दोष कुणाला द्यायचा तेही कळत नाही. सणाला त्या लेकीने न्यायच्या, नेसवून परत आणायच्या. डांबरगोळ्याही नाहीत. वास बंद खोलीत बसतो आणि विसरभोळ्या माणसाला ती पांढरी गोळी खायची वाटू शकते. वेखंडाच्या तुकड्यांच्या चार पुरचुंड्या केल्या.

६ नोव्हेंबर, गुरुवार

तुळशीची लग्नं काल उरकली. आज नावाच्या पट्ट्या. एक सेंटिमीटर रुंदीची सुती टेप, त्यावर कापडावर लिहायच्या पेनाने पहिलं नाव आणि आडनाव, वरून जुना रुमाल ठेवून गरम इस्त्री. खोली क्रमांक लिहायचा नाही, खोल्या बदलतात. नुसतं आडनावही नाही. पुण्याच्या कोणत्याही निवासात एका आडनावाच्या तीन बायका निघतात.

पट्टी कुठे: गाऊनला मानेमागे आतून, परकराला नेफ्यावर, साडीला आत खोचायच्या टोकाला, टॉवेलला टांगायच्या नाडीपाशी. मोज्यांना पट्टी टोचते, तिथे तळव्यावरच पेनाने. मोज्यांवरच्या खुणा धरून ७८ नग, दोघींना पाच तास. धोब्यांच्या जुन्या पद्धतीने बिब्ब्याची खूण करावी अशी सूचना शेजारून आली. बिब्बा उततो, म्हातारीच्या पातळ कातडीला तर नक्कीच. नको.

भांड्यांना मात्र काही करावं लागलं नाही. काकूंच्या पिढीच्या स्टीलच्या भांड्यांवर नावं कोरलेली असतातच. फुलपात्रं २, तांब्या १, वाट्या ३, एक खोलगट ताटली, खाऊचा घट्ट झाकणाचा डबा १, कपबशा २ (एक फुटणार हे धरून). ज्या ताटलीवर बारशाची तारीख कोरलेली होती ती काकूंनी हाताने पुसली, उलटी करून पाहिली आणि हिरवी टिकली स्वतः लावली. स्वयंपाकाचं बाकी काहीच नाही. शेगडी आणि इलेक्ट्रिक केटल निवासाला चालत नाहीत, आधी विचारलेलं बरं.

८ नोव्हेंबर, शनिवार. देव

या कामाला मुलं घरी असावी लागतात, म्हणून शनिवार. प्रश्न दोन: कोणते देव कुठे आणि तिकडे पूजा कशी.

कुलदैवतांचे टाक आणि शाळिग्राम मुलाकडे जायचे ठरले. बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा काकूंबरोबर, कारण ते त्यांच्या माहेरून लग्नात आले आहेत. वाटणी काकूंनीच केली, पाच मिनिटांत. आपण मध्ये पडून "सगळे एकत्र राहू देत" म्हणू नये, त्यांच्या मनात हे केव्हाच ठरलेलं असतं.

निवासात उघडी ज्योत बंद, आणि ती बंदी मोडू नये: शेजारच्या खोलीत कुणाला ऑक्सिजन लावलेला असू शकतो. निरांजन, उदबत्ती, कापूर घरीच. बॅटरीची छोटी समई घेतली. काकूंना ती पसंत नव्हती. संध्याकाळी अंधार करून लावून दाखवल्यावर "चालेल" म्हणाल्या. देव्हारा एक फूट रुंदीचा, फळी जमिनीपासून ३० इंचांवर, खुर्चीत बसून हात पोचेल अशी. खाली काठ असलेला स्टीलचा ट्रे. पळी-पंचपात्रातलं चमचाभर पाणी टाइलवर सांडलं तरी घसरायला पुरतं. ताम्हण लहान, सहा इंची. कुंकू फिरकीच्या झाकणाच्या डबीत, कारण ते चादरीला लागलं की धुलाईत दुसऱ्यांच्या कपड्यांनाही लागतं.

तुळशीची कुंडी दहा इंची. खोलीला पूर्वेची खिडकी आणि छोटी गॅलरी आहे, सकाळचं ऊन मिळेल. दोन दिवस आधी पाणी बंद करायचं म्हणजे कुंडी हलकी होते आणि टेम्पोत माती सांडत नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार. कागद

निवासाला प्रती: आधार, आयुष्मान वय वंदना कार्ड, मेडिक्लेम, ताजे रक्ततपास, छातीचा एक्स-रे, डॉक्टरांचा दाखला, चार फोटो. मूळ कागद मुलीकडे. पत्ता कुठेच बदलायचा नाही असं ठरलं, निदान ९० दिवस.

हयातीचा दाखला आजच काढला. नोव्हेंबर चालू आहे आणि स्थलांतराच्या धांदलीत तो हमखास राहतो, मग पेन्शन थांबते. बोटांचे ठसे उमटत नव्हते, पण मोबाइलवर चेहरा दाखवून काढायची सोय २०२१ पासून आहे. खिडकीकडे तोंड करून, चष्मा काढून, तिसऱ्या वेळी झालं.

बँकेचा ओटीपी ज्या नंबरावर येतो ते सिम काकूंच्याच फोनमध्ये राहील, रिचार्ज मुलगा करेल. नंबर बंद पडला तर पेन्शन, बँक आणि आधार तिन्ही एकदम अडतात.

कुलमुखत्यारपत्रावर सगळी भिस्त ठेवू नका, हे मुलांना स्पष्ट सांगितलं. देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते कायद्याने संपतं, म्हणजे जेव्हा सगळ्यात गरज तेव्हाच. खातं 'दोघांपैकी कुणीही' पद्धतीचं करणं आणि सर्वत्र नामांकन हे काकू स्वतः सही करू शकतात तोवर उरकायचं. उपचार कुठवर चालू ठेवायचे याबद्दलचं इच्छापत्रही त्याच फेरीत: सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते मान्य केलं आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात.

दागिने लॉकरमध्ये, वजन आणि फोटोसह यादी. अंगावर कुड्या आणि बारीक साखळी एवढंच. अंगठी काढून ठेवली; बोट सुजलं की ती कापावी लागते.

१२ नोव्हेंबर, बुधवार

खुर्ची आणि टेबल उलटं करून टॉर्चने सांधे, स्क्रूची भोकं, कापडाच्या शिवणी पाहिल्या. ढेकणाचे काळे ठिपके नाहीत. ही तपासणी टाळून सामान नेलं आणि तिथे ढेकूण निघाले तर निवास खुर्ची तर परत पाठवतंच, आठवडाभर शेजारच्या खोल्यांचीही फवारणी होते. कापसाची गादी त्याच कारणाने नेली नाही. गोधडी आणि उशीचा अभ्रा मात्र तपासून तसाच ठेवला, धुतला नाही. नव्या खोलीतल्या पहिल्या रात्री ओळखीचा वास हाच मोठा आधार.

खुर्चीची बैठक १६ इंच निघाली, उठायला कमी. खाली दोन इंची लाकडी गुटके ठोकून १८ केली. पाय जमिनीला सपाट टेकतात, मांडी आडवी राहते.

फोटो ११ निवडले. काच काढून अॅक्रिलिक. मागे पेन्सिलीने कोण, कुठे, कधी. हे काकूंसाठी नाही, खोलीत येणाऱ्या मावशींना बोलायला धागा म्हणून. पुस्तकं १४. कसर लागलेली तीन घरी.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

कवळी, यंत्र, चष्मा: निवासात सगळ्यात जास्त हरवणाऱ्या तीन गोष्टी. कवळी कागदी रुमालात गुंडाळून ताटात ठेवली जाते आणि खरकट्यात जाते. म्हणून कागदी रुमाल खोलीत ठेवायचेच नाहीत. डबा गडद निळा, नाव झाकणावर आणि बुडावरही, कारण झाकणं एकमेकांच्या डब्यांना जातात. यंत्राच्या बॅटऱ्या ३१२ नंबर, तपकिरी टिकलीच्या. एक साधारण आठवडा जाते. दोन पाकिटं, बारा. टिकली काढल्यावर दोन-चार मिनिटं हवा लागू द्यायची, मगच यंत्रात. चष्मा एक जादा.

१६ नोव्हेंबर, रविवार

खोकी १८ गुणिले १२ गुणिले १२ इंचांची, पाच पदरी पुठ्ठ्याची, नऊ. पुस्तकांचं खोकं अर्ध्यावर थांबवून वर टॉवेल भरले. जिना उतरणाऱ्या माणसाला १५ किलोंच्या वर देऊ नये. खोक्यावर वस्तूचं नाव लिहायचं नाही. खोकं कुठे उघडायचं ते लिहायचं: "कपाट डावं", "बाथरूम", "देव्हारा".

मावशींसाठी एक पानाचा कागद, मोठ्या अक्षरात, कपाटाच्या आतल्या बाजूला: "काकू" म्हणावं, "आजी" नको. चहा बिनसाखरेचा, आल्याचा, बशीत. उजव्या बाजूने बोलावं, डावा कान यंत्राचा. खाटेवरून डावीकडे उतरतात. संध्याकाळी साडेसहाला "घरी जायचंय" म्हणाल्या तर समजूत न घालता स्मरणी हातात द्यावी.

१७ नोव्हेंबर, सोमवार

छोटा हत्ती सकाळी आठला. हौद साधारण ७ फूट लांब. सगळं एका फेरीत मावलं. गोधडी, उशी, खाटेजवळचा दिवा मागे ठेवले, आजची रात्र काकू घरीच आहेत.

खोली आजच पूर्ण लावली. माणसाने येऊन खोकी बघू नयेत. खाट अशी फिरवली की डावीकडे उतरल्यावर समोर बाथरूमचं दार, मधे ९ फूट, वाटेत काही नाही. पायपुसणं फक्त रबरी बुडाचं. हालचालीने लागणारा पिवळा दिवा खाटेखाली आणि एक बाथरूमच्या उंबऱ्याशी. कालनिर्णय बसल्या नजरेच्या उंचीवर, घड्याळाशेजारी. खिळ्याला परवानगी नाही, म्हणून फोटोंना चिकट हूक: भिंत स्पिरिटने पुसून, अर्धा मिनिट दाबून, तासाभराने फोटो टांगले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

परवा अमावास्या, म्हणून आजच. शनिवार-रविवारी निवासात डॉक्टर आणि कायमच्या मावशी कमी असतात, तो वार तसाही टाळायचाच. दुसऱ्या मजल्यावरून काकूंना घरातल्या दुसऱ्या एका हातांच्या खुर्चीत बसवून दोघांनी उतरवलं, एक वर, एक खाली, दर अर्ध्या जिन्याला थांबून. निघाले १०:१०, पोचले ११:२०, जेवणाच्या आधी. दुपारनंतर नेलं तर नवी जागा आणि कलता प्रकाश एकदम अंगावर येतो.

गाडीत काकूंजवळची पिशवी: तीन दिवसांची औषधं, इन्सुलिन, कवळीचा डबा, बॅटऱ्या, चष्मा, एक गाऊन, टॉवेल, चार्जर, फाइल, उशी, गोधडी. ही टेम्पोत कधीच द्यायची नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. दुरुस्त्या

दोन फोटो पडले. हुकाचा गोंद पक्का होता, डिस्टेंपरच सुटून आला. भिंतीवर नकोच, कपाटाच्या सनमायकाच्या दारावर लावले. अॅक्रिलिक असल्यामुळे काही फुटलं नाही.

इलास्टिकची चादर खाटेची डोक्याकडची बाजू उचलली की कोपऱ्यातून निसटते. दहा इंच खोल कोपऱ्यांची हवी होती, आपण आठची आणली. नव्या दोन मागवल्या.

थायरॉइडची गोळी चहाबरोबर दिली जात होती, भीती होती तशीच. लाल चौकट नर्सने पाहिली होती, पण सहाची फेरी रात्रपाळीत येते आणि तक्ता सकाळपाळीच्या फाइलमध्ये होता. दुसरी प्रत रात्रपाळीला दिली. प्रत्येक कागदाच्या दोन प्रती, हे आमच्या यादीत आता वर.

२९ नोव्हेंबर, शनिवार

धुलाईचा हिशेब: ७८ पैकी ७७ नग जागेवर, एक मोजा गेला. नाड्या शाबूत.

बंद फ्लॅट पाहिला. नहाणीच्या आणि सिंकच्या जाळीखालच्या वळणात (सापळ्यात) साठलेलं पाणी आटलं की गटाराचा वास आणि झुरळं वर येतात. प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतून वर चमचाभर गोडं तेल, म्हणजे पाणी उडत नाही. रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपी. फ्रिज रिकामा, बंद, दारात नॅपकिनची घडी अडकवून फटीएवढं उघडं.

२० डिसेंबर, शनिवार

मागणी आली: पत्र्याची शिवणाची पेटी. ११७ च्या यादीत नव्हती, कारण ऑक्टोबरभर काकूंनी काही शिवलं नव्हतं. माळ्यावर जागच्या जागी मिळाली. नर्सशी बोलून आतलं आवरलं: सुया मोजून ६, जाड नाकाच्या, लाल फ्लॅनेलच्या तुकड्यात टोचलेल्या, कात्री बोथट टोकाची, टाचण्या आणि ब्लेड काढले. सुयांचा आकडा झाकणाच्या आत लिहिला, दर रविवारी मोजायचा. परकराच्या नाड्या टाचायचं काम पेटीबरोबर त्यांच्याकडे गेलं. शेजारच्या खोलीतल्या दोघींचे परकर आधीच येऊन पडले आहेत.